तीस-चाळीसच्या प्लॉटसाठी नियम करा : बेळगाव महापालिका आणि बुडाला खुले पत्र

प्रति,
माननीय महापौर, उपमहापौर, सर्व नगरसेवक आणि आयुक्त, बेळगाव महानगरपालिका;
माननीय अध्यक्ष आणि आयुक्त, बेळगाव नगरविकास प्राधिकरण (बुडा)

सप्रेम नमस्कार.

मी बेळगावात घरे बांधण्याच्या कामात आहे. नकाशा काढण्यापासून स्लॅब भरेपर्यंत, प्लॅस्टरपासून वास्तुशांतीपर्यंत साइटवर उभा राहणारा माणूस. या पत्रात एकच मागणी आहे. तीस बाय चाळीस फुटांच्या प्लॉटवर बांधायच्या घराला परवानगी देताना सावली, वारा, पावसाचे पाणी आणि छतावरचे ऊन या चार गोष्टी नकाशात तपासाव्यात. आज सेटबॅक (हद्दीपासून सोडायची जागा), एफएआर (प्लॉटच्या मानाने किती बांधकाम), उंची, पार्किंग आणि रस्त्याची रुंदी पाहिली जाते. घर उन्हाळ्यात राहण्याजोगे होईल का, त्याला आयुष्यभर किती वीज लागेल, हे कोणी विचारत नाही.

तीस-चाळीसच म्हणण्याला कारण आहे. केंद्र सरकारने 2018 साली निवासी इमारतींसाठी ऊर्जाबचतीची संहिता आणली, तिचे नाव इको-निवास संहिता. भिंतीतून किती उष्णता आत यावी, खिडक्या किती असाव्यात, छत कसे असावे, याची नीट मोजमापे तिच्यात आहेत. पण ती लागू होते 500 चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या प्लॉटला. तीस-चाळीसचा प्लॉट भरतो 1,200 चौरस फूट, म्हणजे 111 चौरस मीटर. व्यापारी इमारतींची संहिता 100 किलोवॅट जोडभारापासून सुरू होते. अनगोळ, वडगाव, शहापूर, हिंडलगा, कंग्राळी, पिरनवाडी, मच्छे या पट्ट्यांत बांधल्या जाणाऱ्या बहुतेक घरांपर्यंत यातला एकही नियम पोहोचत नाही. दिल्लीचा नियम जिथे थांबतो, तिथून पुढे काम तुमचे आहे.

बेळगावला गरिबांचे महाबळेश्वर म्हणत. समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास उंची, पश्चिमेला सह्याद्री, उन्हाळ्यात संध्याकाळी घाटाकडून येणारा गार वारा आणि मे महिन्यात वळीव. अशा गावात पंखासुद्धा क्वचित लागे. आता एप्रिलमध्ये दुपारी चार वाजता कोणत्याही नव्या वसाहतीतल्या दुमजली घराच्या वरच्या खोलीत जाऊन बघा. छताला हात पुरत नाही, पण पश्चिमेच्या भिंतीला तळहात लावला तर क्षणभरात मागे घ्यावा लागतो. नऊ इंची भिंतीऐवजी सहा इंची सिमेंट ब्लॉक, बाहेर गडद रंग, खिडकीवर छज्जा नाही, कारण एलिव्हेशन सपाट हवे. वर पाच इंचांचा उघडा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री दोनपर्यंत ते खोलीत सोडत राहतो. बाहेर गार वारा असतो आणि आत माणसे घामाने भिजलेली असतात. मग हप्त्यावर एसी येतो. तो एकदा भिंतीला लागला की पुन्हा उतरत नाही.

जुन्या घरांत हे का होत नव्हते, यात जादू काही नाही. जांभ्या चिऱ्याची किंवा मातीची जाड भिंत, वर मंगळुरी कौले, कौलाखाली पोकळी, पुढे सोपा, मागे परस. कौलांच्या फटींतून गरम हवा वर निघून जाई. वळचण दोन-अडीच फूट पुढे आलेली असे, त्यामुळे ऊन आणि झड दोन्ही भिंतीपासून लांब राहत. खानापूरची माती कौलांना आणि भांड्यांना चांगली, म्हणून तिथे हा धंदा वाढला. सगळ्यांनी पुन्हा कौलारू घरे बांधावीत असे माझे म्हणणे नाही. जागेचे भाव पाहता माडीवर माडी चढवावीच लागते, कौले भाजायला लाकूड लागते, आणि चिऱ्याच्या खाणींनीही टेकड्या पोखरल्या आहेत. पण त्या घरांमागची अक्कल स्लॅबच्या घरातही आणता येते. पश्चिमेला जिना, न्हाणीघर, कपाटे घ्यावीत म्हणजे उन्हाचा मार त्यांच्यावर जातो. प्रत्येक खिडकीवर दोन फुटांचा छज्जा काढावा. खोलीला समोरासमोर खिडक्या ठेवाव्यात. गच्चीवर पांढऱ्या चिनी तुकड्यांची फरशी करावी, आणि तीही परवडत नसेल तर दरवर्षी पाडव्याच्या आसपास चुन्याचे दोन हात द्यावेत. उन्हाचा मोठा भाग तिथूनच परत जातो. विटांची भिंत बांधणाऱ्याला रॅट ट्रॅप बाँड शिकवावा; विटा आडव्या न ठेवता कडेवर उभ्या रचायची ही पद्धत वास्तुकार लॉरी बेकर यांनी केरळात रुळवली, त्यात विटा पाव हिश्शाने वाचतात आणि भिंतीच्या पोटात हवेची पोकळी राहते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत 1974 पासून चाललेल्या ‘अस्त्र’ केंद्राने दाबलेल्या मातीच्या, थोडे सिमेंट घातलेल्या विटा करून दाखवल्या. त्यांना भट्टी लागत नाही. ही सगळी विद्या आपल्याच राज्यात आहे.

हे पत्र घराबद्दल आहे, तरी त्यात तेलाबद्दल बोलल्याशिवाय गत्यंतर नाही.

आपला देश लागणाऱ्या कच्च्या तेलातले 85 टक्क्यांहून अधिक बाहेरून आणतो. त्यातला मोठा वाटा आखाती देशांतून येतो. तिकडे युद्धाची ठिणगी पडली की इकडे ट्रकचे भाडे वाढते, आणि वाळू, खडी, सिमेंट, सळई सगळ्याचे दर त्यामागे जातात. पण पैसा हा तेलाच्या हिशेबातला लहान आकडा आहे. 2010 साली मेक्सिकोच्या आखातात डीपवॉटर होरायझन या तेल खोदणाऱ्या रिगवर स्फोट झाला आणि तिच्याखालची विहीर फुटली. 11 कामगार गेले आणि 87 दिवस समुद्रात तेल ओतत राहिले. नायजेरियाच्या ओगोनीलँडमध्ये गळत्या पाइपांनी शेती आणि खाड्या नासल्या. ते पूर्ववत व्हायला 25 ते 30 वर्षे लागतील असे संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने 2011 साली सांगितले. ही नावे लांबची वाटतील, पण पावसाळ्याच्या तोंडावर चोर्ला घाट उतरून गोव्याच्या किनाऱ्यावर गेलेल्या बेळगावकरांना वाळूतले डांबराचे काळे गोळे ठाऊक आहेत. मुलांच्या तळपायाला ते चिकटतात आणि रॉकेल लावल्याशिवाय निघत नाहीत. जहाजांनी समुद्रात सोडलेले तेल लाटांवर घट्ट होऊन ते तयार होतात. कांदोळीसमोर जून 2000 मध्ये रुतलेले रिव्हर प्रिन्सेस जहाज तर बारा वर्षे तिथेच सडत पडले होते.

आपल्या शहरात तेल कुठे जळते? गाड्यांमध्ये तर जळतेच. पण खडेबाजार किंवा गणपत गल्लीत लाईट गेली की एकेका दुकानापुढचा जनरेटर सुरू होतो, तिथेही जळते. मागच्या भिंतीवर हातभर उंच काजळीचा पट्टा असतो आणि बोलणाऱ्याचे बोलणे ऐकू येत नाही. एक लिटर डिझेलमधून असा जनरेटर तीन-साडेतीन युनिट वीज देतो. डिझेल नव्वदीच्या घरात धरले तर युनिट पंचवीस रुपयांच्या वर पडते, आणि प्रत्येक लिटरमागे अडीच किलोहून जास्त कार्बन डायऑक्साइड त्या गल्लीतच सुटतो. काचेच्या दर्शनी भागाची कॉम्प्लेक्स उभी राहतात त्यांना एसीशिवाय श्वासच घेता येत नाही, म्हणून त्यांचा जनरेटरही मोठा लागतो. सिमेंटमध्येही तेल आहे. सिमेंटच्या भट्ट्यांत कोळशाबरोबर पेटकोक जाळतात, आणि पेटकोक म्हणजे तेल शुद्ध करून उरलेला कोळसट गाळ. चुनखडी भाजताना दगडातून सुटणारा वायू वेगळाच. म्हणून एक टन सिमेंटमागे अर्ध्या टनाहून अधिक कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. फ्लाय ॲश (कोळशाची राख) किंवा स्लॅग (पोलादाच्या भट्टीतला मळ) मिसळलेल्या सिमेंटमध्ये हे प्रमाण बरेच उतरते. बांधकामाला आणि प्लॅस्टरला ते उत्तम चालते. तरीही साइटवर सगळीकडे एकच सिमेंट वापरायची सवय मोडत नाही.

तारेतून येणारी वीज मुख्यतः तेलाची नाही, कोळसा, पाणी, वारा आणि ऊन यांची आहे, हे खरे. पण तीही फुकट आलेली नाही, आणि हे सीमाभागातल्या माणसांना दुसऱ्या कोणी शिकवायला नको. काळी नदीवर सुपा धरण झाले तेव्हा सुपा गाव पाण्याखाली गेले. तिथली माणसे रामनगरला येऊन वसली. गोव्याला जाताना आपण त्या रामनगरात चहाला थांबतो. आजी-आजोबांचे घर, देऊळ, शेत जलाशयाच्या तळाशी असलेली माणसे तिथे दुकाने चालवतात. त्यांनी दिलेल्या विजेवर आपण भर दुपारी पडदे लावून दिवे जाळायचे, कारण खिडकी चुकीच्या बाजूला काढली, हे मला पटत नाही. आणि 2023 च्या अवर्षणात धरणे भरली नाहीत, तेव्हा राज्यभर वीज किती तुटली आणि शेतकऱ्यांचे पंप किती तास बंद राहिले, तेही आपण पाहिले.

छतावरच्या सोलरविषयी आता स्पष्ट बोलतो. केंद्राच्या फेब्रुवारी 2024 मधल्या पीएम सूर्यघर योजनेत एक किलोवॅटला 30,000, दोनला 60,000 आणि तीन किंवा अधिक किलोवॅटला 78,000 रुपये अनुदान मिळते. एक किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट मोकळी, सावली नसलेली गच्ची लागते, आणि वर्षभराची सरासरी काढली तर दिवसाला चार युनिटच्या आसपास वीज मिळते. आपल्याकडे जून ते सप्टेंबर आभाळ झाकलेले असते, खानापूरकडे तर अधिकच. तेव्हा ती बरीच उतरते आणि मार्च-एप्रिलमध्ये चढते. तरी गणित बसते. मग गच्च्या रिकाम्या का? जुलै 2023 पासून राज्यात गृहज्योती आहे. 200 युनिटांच्या आत आणि आपल्या सरासरीच्या मर्यादेत राहणाऱ्याला बिल शून्य येते. गरिबाच्या घरात दिवा फुकट लागतो याचे मला समाधान आहे. पण ज्याला बिलच येत नाही तो पदरचे पैसे घालून सोलर बसवणार नाही, हेही तितकेच खरे. म्हणून सवलतीच्या जाहिराती करून हे होणार नाही. परवानगीच्या वेळी नियम लागेल.

नियमाने काम होते याचा पुरावा आपल्या राज्यातच आहे. घराघरात बंब पेटत, मग गिझर आले. पुढे कर्नाटक सरकारने 2007 साली ठरावीक आकाराच्या नव्या इमारतींना सोलर वॉटर हीटर सक्तीचा केला, वीजबिलात सूटही दिली. आज कर्नाटक या बाबतीत देशात पुढे आहे आणि टिळकवाडीच्या कुठल्याही उंच गच्चीवरून पाहिले तर टाक्याच टाक्या दिसतात. कोणी कुरकुर करत नाही. घर बांधतानाच तो खर्च धरलेला असतो.

साइटवरची एक बारीक गोष्ट सांगतो, कारण निर्णय तिच्यावर अडतो. स्लॅब भरायच्या आधी, सेंट्रिंगवर सळई बांधून झाली की इलेक्ट्रिशियन पाइप टाकतो. त्याच वेळी गच्चीपासून मीटर बोर्डापर्यंत एक इंची मोकळा पाइप सोडला आणि मीटरजवळ एका जास्तीच्या खोक्याची जागा ठेवली, तर खर्च काहीशे रुपये येतो. पाच वर्षांनी त्या माणसाला सोलर बसवावेसे वाटले की वायर सरळ खाली उतरते. तो पाइप नसला तर टाइल्स फोडा, रंग खरवडा, बाहेरून पट्टी मारा, आणि यातच घरातले वयस्कर माणूस म्हणते, राहू दे. पाण्याची टाकी आणि जिन्याची खोली गच्चीच्या उत्तर बाजूला ढकलली तर पॅनेलवर सावली पडत नाही. नकाशावर हे ढकलायला एक रेघ पुसावी लागते. तुमच्या कार्यालयातल्या तपासनिसाने एवढे दोन मुद्दे पाहिले, तर पुढच्या दहा वर्षांतले प्रत्येक घर सोलरसाठी तयार असेल, मग ते आज बसवले जावो वा न जावो.

पाण्याचा प्रश्न मी वेगळा मानत नाही. आपल्या शहराला राकसकोप जलाशयाचे पाणी 1960 च्या दशकात आले, पुढे हिडकल धरणाचे. हिडकलचे पाणी तुम्मरगुद्दी, कुंदरगी अशी पंपिंग स्टेशने चढून इथवर येते. म्हणजे नळाच्या प्रत्येक घागरीत वीज आहे. तिकडे लाईट गेली की इकडे नळ कोरडे पडतात, हा सगळ्यांचा अनुभव. आणि खाली, आपल्याच पायांखाली, विहिरींचे शहर झाकलेले आहे. 1924 च्या डिसेंबरात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन टिळकवाडीत भरले, त्यासाठी खोदलेली काँग्रेस विहीर आजही आहे. 1995 च्या टंचाईत याच महापालिकेने जुन्या विहिरींचा गाळ काढून त्यांचे पाणी वापरात आणले होते. तुमच्याच आधीच्या सभागृहाने केलेले हे काम आहे. शहरात एवढा पाऊस पडतो. छताचे पाणी गाळून परसातल्या विहिरीत किंवा शोषखड्ड्यात सोडले तर दोन कामे होतात. पंपाची वीज वाचते, आणि तेच पाणी रस्त्याने धावत बळ्ळारी नाल्यात जात नाही. त्या नाल्याला पूर आला की शहापूर, वडगाव, येळ्ळूरच्या शिवारातला भात कुजतो. तिथल्या बासमतीच्या वासावर बेळगावचे नाव आहे, आणि ते शिवार आधीच लेआउट आणि रस्त्यांखाली जाऊ लागले आहे. पाणलोटाच्या खाचरात भर टाकून प्लॉट पाडायला बुडाने परवानगी देऊ नये, हेही याच पत्रात मागतो.

इथेनॉलचा मुद्दा मला नेहमी ऐकवला जातो. आपल्या जिल्ह्यात साखर कारखाने पुष्कळ, पेट्रोलमध्ये आता 20 टक्के इथेनॉल मिसळतात, मग तेलाची चिंता कशाला? उसाला लागणारे पाणी कृष्णा, घटप्रभा आणि मलप्रभा यांच्याच पोटातून येते. एका इंधनाऐवजी दुसरे जाळण्यापेक्षा कमी जाळावे लागेल असे घर बांधणे स्वस्त पडते, हे मी साइटच्या अनुभवावरून सांगतो.

उद्यमबाग आणि मच्छेच्या फौंड्र्यांत ओतकामाच्या साच्यांसाठी वापरून झालेली वाळू हा आणखी एक हाताशी असलेला माल. तपासणी करून तिचा काही भाग पेव्हर ब्लॉकमध्ये आणि काँक्रिटमध्ये नैसर्गिक वाळूच्या जागी वापरता येतो. महापालिकेने आपल्या फूटपाथांच्या टेंडरमध्ये तशी अट घालून पाहावी. विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय आपल्याच गावात आहे, सिव्हिलची पोरे प्रोजेक्टसाठी विषय शोधत फिरतात. वाळूची तपासणी त्यांच्याकडून होईल, आणि एका वॉर्डातल्या सगळ्या गच्च्यांची आणि विहिरींची नोंदही.

सुरुवात सरकारी इमारतींपासून करा. लोक आधी तुमच्या छताकडे बघतील. महापालिकेची इमारत, वॉर्ड कार्यालये, सरकारी मराठी आणि कन्नड शाळा यांच्या गच्च्यांवर पॅनेल बसवा. शाळा तर उन्हाळ्यात बंद असतात, तेव्हाची वीज हेस्कॉम या वीज कंपनीला जाईल आणि शाळेच्या खात्यावर जमा दिसेल. 2016 साली स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत बेळगावची निवड झाली. रस्ते, बसथांबे, दिवे यांवर खर्च झाला. आता घरांची पाळी आहे.

नियम कडक असावा पण छोट्या माणसाला नाडणारा नसावा. चारपानी तक्ता पुरे : छज्जे, समोरासमोर खिडक्या, पांढरी किंवा सावलीची गच्ची, मोकळा पाइप, शोषखड्डा. जो हे करील त्याला मालमत्ता करात काही वर्षे थोडी सूट द्या. जो व्यापारी इमारत काचेने मढवील त्याने जनरेटरऐवजी निदान काही भार सोलर आणि बॅटरीवर घ्यावा अशी अट घाला.

शेवटची मागणी भाषेची. हा तक्ता कन्नडबरोबर मराठीतही छापा. या शहरात आणि तालुक्यात घर बांधणारा मालक, गवंडी, सेंट्रिंगवाला, प्लंबर यांतले कितीतरी लोक मराठी वाचतात. कन्नड वाचणाऱ्यालाही आणि मराठी वाचणाऱ्यालाही साइटवर तो कागद स्वतः उलगडून पाहता आला पाहिजे. नियम फक्त नकाशा काढणाऱ्याच्या कपाटात राहिला तर भिंतीत उतरणार नाही.

येत्या सर्वसाधारण सभेत हा विषय पत्रिकेवर घ्यावा आणि मसुदा तयार करण्यासाठी नगरसेवक, बुडाचे अभियंते, स्थापत्यशास्त्राचे शिक्षक आणि दोन-तीन गवंडी अशी समिती नेमावी. गवंड्यांना विसरू नका, छज्जा खरेच दोन फूट निघतो की दीड, हे त्यांच्याच हातात असते. समितीला नकाशे काढून द्यायला, साइटवर नमुना करून दाखवायला मी आणि माझ्या ओळखीचे व्यवसायबंधू मोबदल्याशिवाय यायला तयार आहोत. बैठकीची तारीख तेवढी कळवावी.

आपला नम्र,
बेळगावातील एक सिव्हिल इंजिनिअर